दुचाकीवरून जंजिऱ्याला

अरबी ‘जजीरा’ म्हणजे बेट. उर्दूत आपण तोच शब्द वापरतो, अल्जीरिया या देशाच्या नावातही तोच आहे, आणि मराठीच्या तोंडी रुळून त्याचा झाला ‘जंजिरा’. इतिहासाच्या तासाला मुरूडच्या जंजिऱ्याचा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, ‘जंजिरा आपला की त्यांचा?’ यातला ‘आपला’ कोण आणि ‘त्यांचा’ कोण, हे विचारणारं मूल कोणत्या घरातून आलंय त्यावर ठरतं. या प्रश्नाचं उत्तर जागेवर जाऊन शोधावं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं लोणावळ्याहून मोटारसायकलवर निघालो.

घरच्या मोठ्यांना दोन गोष्टींची धास्ती होती. एक घाटाची आणि दुसरी अनोळखी गावांची. ‘आजकालचे दिवस बरे नाहीत, बसनं जा,’ असं अम्मी दोनदा म्हणाल्या. घाटाचा बंदोबस्त आपल्या हातात असतो. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, ओढणीची टोकं नीट खोचलेली, निघण्यापूर्वी ब्रेक आणि चाकांची हवा तपासलेली, आणि मगरिबनंतर गाडी चालवायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाले शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्या रस्त्यानं खोपोलीला उतरतात. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची आख्यायिका आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

पुढे पाली, रोहा आणि मग डोंगरातून वळणं घेत मुरूड. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा हा प्रवास थांबत थांबत करावा. मोटारीच्या काचा बंद असतात. दुचाकीवाल्याला मात्र वाट विचारावी लागते, पाणी मागावं लागतं. रोह्यापुढे एका टपरीवर चहा घेतला. आमची नावं ऐकूनही तिथल्या मावशींनी ‘पुढं रस्ता खराब आहे, सावकाश जावा’ एवढंच सांगितलं. अनोळखी गावांची धास्ती तिथंच निम्मी उतरली.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं किल्ल्यावर जातात. पावसाळ्यात हे बंद असतं. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, ही बांधणाऱ्यांची हुशारी. सुमारे बावीस एकरांचं हे बेट. भोवती खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. तटावर कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. आधी इथं कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचे प्रमुख. पुढे निजामशाहीच्या काळात दगडी किल्ला उभा राहिला आणि तो सिद्दींकडे आला. हे सिद्दी मूळचे हबशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. त्यांचं संस्थान 1948 साली भारतात विलीन झालं.

शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सिद्दीशी समुद्रावर लढणाऱ्या महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता, हे मुलांना सांगितलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. ती लढाई समुद्र कुणाच्या ताब्यात राहणार याची होती. धर्माच्या दोन रांगा करून ती समजत नाही.

परतताना राजपुरीजवळ खोकरीला थांबलो. सिद्दी सुरूलखान आणि इतरांच्या दगडी कबरी इथं आहेत. घुमट आणि जाळीकाम बघण्यासारखं आहे. गाडी आपली असल्यामुळे अशा ठिकाणी थांबता येतं. फातेहा पढली आणि निघालो. वेळ असेल तर आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे. तीत मोटारसायकल चढवून पलीकडे श्रीवर्धनपर्यंत जाता येतं.

रात्री मुरूडला एका ओळखीच्या घरी उतरलो. खालांनी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं. सुरमई शेजारच्या कोळीणमावशींनी दुपारीच आणून दिली होती. ‘पाहुणे तुमचे म्हणजे आमचेच,’ असं म्हणून त्यांनी पैसे घेतले नव्हते. आम्ही लोणावळ्याची चिक्की नेली होती, तिचे दोन वाटे झाले.

सुट्टीनंतर वर्गात तो प्रश्न पुन्हा येईलच. आम्ही सांगू, कोळ्यांनी वसवला, सिद्दींनी बांधला, मराठ्यांनी त्याच्यासाठी लढाया केल्या, आज पुरातत्त्व खातं तो सांभाळतं. म्हणजे तो आपला. या ‘आपल्या’त वर्गातली सगळी मुलं आली.

वाचकहो, घरात बसून बातम्या ऐकत राहिलं की गावांची भीती वाढते. गाडी नीट असेल, अंगात धडधाकटपणा असेल, तर मुलांच्या आई-बाबांनी असा एक सफर जरूर करावा. रस्त्यात वाट विचारावी, आपलं नाव न लपवता सांगावं. इन्शाअल्लाह, बहुतेक ठिकाणी चहाच मिळेल.