'लंगड्या', 'बिचारा' की 'दिव्यांग'? एका शब्दाने नेमकं काय बिघडतं?

लंगडत यायचं, कंबर धरायची आणि मागे ट्रेंडिंग गाणं. जुलै 2024 मध्ये हरभजन सिंग, युवराज सिंग आणि सुरेश रैना यांचं असं एक रील आलं. पंधरा दिवस क्रिकेट खेळून अंग दुखतंय, एवढाच विनोद. पण दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला, दिल्लीत पोलिसांकडे तक्रार झाली. रील हटवलं गेलं आणि हरभजनने माफी मागितली.

एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात दिलं होतं.

कोर्ट काय म्हणालं?

'आँख मिचोली' सिनेमाबद्दलच्या निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर 8 जुलै 2024 ला निकाल आला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने विनोदाचे दोन प्रकार सांगितले. एक अपंगत्व समजून घ्यायला मदत करतो, दुसरा माणसालाच कमी लेखतो. कोर्टाने सिनेमातली दृश्यं कापली नाहीत, पण पडद्यावर दिव्यांग कसे दाखवावेत याची तत्त्वं घालून दिली. खिल्ली नको, तसंच 'अचाट शक्तीचा सुपरहिरो'ही नको. 'पीडित', 'ग्रस्त' अशी भाषाही टाळावी, कारण ती सगळा दोष शरीरावर टाकते आणि समाजाने उभे केलेले अडथळे लपवते.

अडथळा नेमका कुठे असतो?

समजा, नांदुऱ्यातला व्हीलचेअर वापरणारा एक तरुण एसटीने बुलढाण्याला निघाला. तिकिटात त्याला 75 टक्के सवलत आहे. पण गाडीच्या उंच पायऱ्या चढणार कशा? आपण म्हणतो, 'बिचाऱ्याचे पाय नाहीत.' 'एसटीला रॅम्प नाही,' असं कुणी म्हणत नाही. बिचारा म्हटलं की दया दाखवून मोकळं होता येतं, रॅम्प मागावा लागत नाही.

गावाकडे तर नाव मागे पडतं आणि 'थोट्या', 'बहिऱ्या', 'तिरळ्या' हीच हाक होते. आपल्या म्हणीही त्याच वळणाच्या: 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग होते. म्हणजे हे ऐकणारा कुणीतरी आपल्याच गल्लीत राहतो.

मग 'दिव्यांग' म्हटलं की झालं?

'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी सुचवला आणि सरकारी कामकाजात रुळला. 2022 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू केला. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांचा या शब्दाला विरोध आहे. आम्हाला दिव्यत्व नको, हक्क हवेत, असं त्यांचं म्हणणं. कुणाला काय म्हणायचं, हे त्यालाच विचारणं सगळ्यात सोपं.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 92 नुसार, लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास 6 महिने ते 5 वर्षं तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने समय रैनासह पाच कॉमेडियन्सना दिव्यांगांवरच्या विनोदांबद्दल आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं.

पुढचं रील शेअर करण्याआधी एकच तपासा: हसू परिस्थितीवर येतंय की शरीरावर? शरीरावर येत असेल, तर ते आपल्यापाशीच थांबवता येतं.