सातारा-सांगलीच्या विमानतळासाठी आराखडा एकच हवा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जागा मात्र दोन्हीकडे आहेत. कराडजवळची धावपट्टी १९५५ च्या सुमारास कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. तिची लांबी जेमतेम १,२८० मीटर आहे आणि कारभार महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. सांगली-तासगाव रस्त्याच्या बाजूला कवलापूरला जुन्या धावपट्टीची जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात पडून आहे. कराडचे विस्तारीकरण आणि कवलापूरचा विमानतळ या मागण्या निवडणुका आल्या की वर येतात. दोन्ही जागांचा आणि शेजारच्या विमानतळांचा एकत्र हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

सांगलीपासून सुमारे पन्नास आणि कराडपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाची नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. दक्षिणेला बेळगावच्या सांबऱ्याची धावपट्टी २०१७ पासून तेवढ्याच लांबीची आहे. उत्तरेला साताऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत पुण्याचे लोहगाव आहे. तिथे २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, पण धावपट्टी हवाई दलाची असल्याने नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादितच राहतात. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ ची. सात गावांच्या जमिनीचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे धगधगत राहिला.

विमानतळाची क्षमता इमारतीच्या काचांवरून ठरत नाही. धावपट्टी किती लांब, तासाला किती विमाने चढू-उतरू शकतात, उभी करायला जागा किती, रात्री आणि धुक्यात उतरण्याची सोय आहे का, या सगळ्यांत जी बाब सर्वांत तोकडी तीच खरी क्षमता. सत्तर आसनी एटीआर विमानाला साधारण चौदाशे मीटर धावपट्टी लागते. एअरबस ए-३२० सारखे विमान पूर्ण भाराने उडायचे तर दोन हजार मीटरच्या पुढे जावे लागते. कराड पहिल्याच कसोटीला अपुरे पडते.

शिवाय विमानाला दुसऱ्या टोकालाही उतरायचे असते, आणि या भागाच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथली प्रत्येक वेळ मोठ्या विमानांनी व्यापलेली असते. कोल्हापूरची मुंबई सेवा वर्षानुवर्षे अडली ती बव्हंशी तिथे वेळ मिळत नसल्याने. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा तिथल्या वेळा पश्चिम महाराष्ट्रासाठी आत्ताच राखून घेणे, हे कराडला धावपट्टी वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कितीतरी उपयोगाचे काम आहे.

‘उडान’ योजनेचा अनुभवही तेच सांगतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच विमाने सुरू झाली. त्यांतील ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढेही तग धरलेले मार्ग होते ५४. प्रवासी पुरेसे नसतील तर अनुदान संपताच विमान थांबते. कोल्हापूर, कराड आणि कवलापूर या तीन ठिकाणी एकच प्रवासीवर्ग वाटून दिला, तर तिघांपैकी एकाचेही विमान भरणार नाही.

प्रवासी नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई व्यावसायिक तमिळनाडू, केरळपासून बंगालपर्यंत पसरले आहेत; सणाला, लग्नकार्याला त्यांना गावी यायचे असते. साताऱ्यातील गावोगावचे जवान उत्तर सीमेवर असतात, त्यांच्या रजेचे दोन-दोन दिवस प्रवासात जातात. हे प्रवासी चेन्नई, कोलकाता, दिल्लीचे आहेत, म्हणजे त्यांना मोठे विमान किंवा सोयीची जोडसेवा हवी. ती मोठ्या धावपट्टीवरच मिळेल. मालवाहतुकीच्या अपेक्षाही तपासून घ्याव्यात. तासगावची निर्यातक्षम द्राक्षे प्रामुख्याने न्हावाशेव्यातून शीतकंटेनरने जहाजावर चढतात, हळद आणि बेदाण्यालाही घाई नसते. विमानाने जाण्याजोगा माल महाबळेश्वर-वाईच्या स्ट्रॉबेरीसारखा थोडकाच.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कराडच्या विस्ताराला वारुंजी, मुंढे, केसे भागातील शेतकऱ्यांनी विरोध केला तो हट्टाने नव्हे. कोयनाकाठची ती बारमाही बागायत आहे आणि एकदा गेलेली अशी जमीन पुन्हा विकत घेता येत नाही. भोवती आगाशिव, वसंतगड, सदाशिवगडाचे डोंगर असल्याने विमानांच्या मार्गालाही मर्यादा येतात. इतकी किंमत मोजून तासाभराच्या अंतरावरील कोल्हापूरचीच सेवा दुबार उभी करणे न्याय्य नाही. कवलापूरचेही गणित मांडावे. २,३०० मीटरच्या धावपट्टीला निकषांप्रमाणे २८० मीटर रुंद मोकळा पट्टा धरला, तर निव्वळ त्यालाच सुमारे १६७ एकर लागतात. टर्मिनल, विमानांचा तळ आणि टोकांची सुरक्षा जागा वेगळी.

तरीही या दोन्ही जागा मोडीत काढू नयेत. अवयव आणि गंभीर रुग्ण हलवणे, महापुरातील मदत, वैमानिक प्रशिक्षण, नऊ-एकोणीस आसनी विमाने यांसाठी त्या मोलाच्या आहेत. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरचे रस्ते आठवडाभर तुटले होते, हे नियोजनकारांनी विसरू नये. म्हणून कवलापूरची जागा विकण्याचा विषय कायमचा बंद व्हावा आणि दोन्ही ठिकाणी भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर आजपासून बंधन यावे. सोलापुरात साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडावी लागली तेव्हा कुठे विमानसेवेची वाट मोकळी झाली. बांधकामे उभी राहू द्यायची आणि मग पाडायची, यात कारखान्याचे, ऊस उत्पादकांचे आणि प्रवाशांचे असे सर्वांचेच नुकसान होते.

असा आराखडा कोणाच्या टेबलावर होणार, हे आज स्पष्ट नाही. कोल्हापूर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, कराड राज्याच्या कंपनीकडे, कवलापूर औद्योगिक महामंडळाकडे, लोहगावची धावपट्टी हवाई दलाकडे, आणि सांबरा दुसऱ्या राज्यात. नागरी विमान वाहतूक विभागाने पुणे विभागीय आयुक्तांमार्फत पाचही जिल्ह्यांसाठी वीस वर्षांचा एक आराखडा करून घ्यावा. उजळाईवाडीला पोचण्याची वाट हा त्यातला पहिला भाग असावा. कराडहून महामार्ग थेट विमानतळाजवळ नेतो, पण त्याच्या सहापदरीकरणाची कामे सरता सरत नाहीत. सांगली-कोल्हापूर रस्ता जयसिंगपूर, हातकणंगलेच्या वस्तीतून अडखळत जातो. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग दुपदरी झाला, विमानांच्या वेळा धरून त्यावर लोकल धावल्या आणि सांगली, इस्लामपूर, कराडहून एसटीची थेट गाडी सुरू झाली, तर दोन्ही जिल्ह्यांच्या मोठ्या भागाला एकही एकर बागायत न देता विमानतळ तास-दीड तासात गाठता येईल.