मारुतीला खुर्ची, सीतेला काय?

ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ १६ जून २०२३ रोजी लागला. प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवायची, असं निर्मात्यांनी आधीच जाहीर केलं होतं. देवाला शेजारी बसवलं की पडद्यावर काय आहे हे विचारायची सोयच उरत नाही. आमच्या भूममधल्या बचत गटातल्या बायकांनी तो नंतर मोबाईलवर बघितला. अर्ध्या तासात दोघी-तिघी उठून खव्याच्या भट्टीकडे गेल्यासुद्धा.

राक्षस, वटवाघूळ, काळ्या दगडाची लंका, सगळं संगणकावर केलेलं आणि तेही कच्चं. चमत्कारांना माझी हरकत नाही. जत्रेतल्या तंबूत असले चमत्कार बघून आम्ही टाळ्या पिटल्या आहेत. पण ते सिनेमे स्वतःला खेळ समजत. इथे तीन तास नुसता आव!

वाद पुष्कळ झाले. बजरंगाच्या तोंडची टपोरी भाषा लोकांना लागली, तर काही दिवसांत संवाद बदलले. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही खडसावलं. आणि सीतेवरून गाजलेला वाद कोणता? ती लेक कोणाची, भारताची की नेपाळची! काठमांडूच्या महापौरांनी त्यापायी शहरात हिंदी चित्रपटच बंद केले. ती बाई तीन तासांत करते काय, बोलते काय, हा प्रश्न मात्र गाजला नाही. क्रिती सेननची जानकी सुंदर दिसते, रडते, वाट बघते. रावण पडला, नवरा-बायको भेटली, सिनेमा संपला.

“आन् पुढचं?” गटातल्या एकीने विचारलं. तिला गरोदरपणी संशयावरून माहेरी धाडलेलं आहे. पोटगीच्या तारखांना आम्ही दोघी बरोबर जातो.

पुढचं आपल्या आज्या जात्यावर गात आल्या आहेत. सीतेला रानात सोडणं, तिथलं बाळंतपण, एकटीने वाढवलेली पोरं. रामाचं नाव घेऊन दळायला बसायचं आणि त्यालाच जाब विचारायचा, यात त्यांना काही अवघड वाटलं नाही. कोट्यवधी रुपये ओतणाऱ्यांना तेवढं धाडस झालं नाही, आणि भक्तीचा दाखला मात्र हेच मागतात!

मैत्रिणींनो, तुमच्या गावात सीतेच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या असतील तर त्या लिहून घ्या. पुढच्या बैठकीत मोबाईल बाजूला ठेवून आपण त्याच ऐकू.