गाणाऱ्यांना चौक मोकळा करा

एक लॅपटॉप, एक बरा माईक आणि पंखा बंद केलेली खोली. एवढ्या सामग्रीवर आज परभणीतला किंवा चिपळूणचा मुलगा स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करतो आणि वितरण सेवेला थोडे पैसे भरून ते जगभर प्रसिद्धही करतो. पण ते ऐकते कोण? चार मित्र, दोन मावसभावंडे आणि कॉलेजचा ग्रुप. कंपनी पाठीशी नाही, जाहिरातीला पैसा नाही. म्हणून हे कलावंत गनिमी काव्यावर उतरले आहेत: खांबावर क्यूआर कोडचा स्टिकर, स्टेशनबाहेर अचानक सुरू झालेले गाणे, कुणाच्या दिवाणखान्यात तीस माणसांची मैफल. काहींना याचे कौतुक वाटते, काहींना त्रास होतो. पण ही वेळ त्यांच्यावर का आली आणि या काव्याची मर्यादा कोणती, याचा विचार आपण नागरिकांनी केला पाहिजे. कारण प्रश्न आपल्या सर्वांच्या मालकीच्या रस्त्याचा आहे.

1. रस्ता हा मराठी गाण्याचा जुना रंगमंच आहे. वासुदेव, पिंगळा, गोंधळी यांनी तिकीटखिडकी कधी पाहिली नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले आणि ते थेट कामगारांच्या वस्त्यांत गेले. रेकॉर्ड कंपनीने बोलावण्याची वाट पाहत ते बसले असते, तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला तिचा आवाज मिळाला असता का? आजही 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरच्या शिवाजी पार्कवर जाऊन पाहा. पुस्तकांच्या रांगेत गीतांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात, शेजारी छोट्या स्पीकरवर भीमगीत चालू असते आणि ते ऐकून थांबलेला माणूस खिशात हात घालतो. कॅसेट गेली, सीडी आली, पेनड्राइव्ह आला. माणसांच्या गर्दीत उभे राहून गाणे पोहोचवण्याची रीत तीच राहिली. वडिलांच्या पिढीने केले ते लोककला आणि मुलाने केले तो उपद्रव, असा दुटप्पी न्याय आपल्याला शोभत नाही.

2. प्रसिद्ध करणे सोपे झाले, पोहोचणे अवघड झाले. स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आले, तेव्हा आता प्रत्येकाला समान संधी मिळणार असे अनेकांना वाटले होते. 2024 पासून त्याच कंपनीचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदलाच मिळत नाही. कुणाचे गाणे किती जणांपुढे ठेवायचे हे यंत्र ठरवते आणि जे आधीच चालले आहे तेच ते पुढे ढकलते. खासगी एफएम वाहिन्यांवर चित्रपटगीतांचे राज्य आहे. मोठ्या कंपनीचे गाणे येते तेव्हा फलक, मुलाखती, रील बनवणारे तारे असा सगळा फौजफाटा सोबत असतो. एकट्या कलावंताकडे काय असते? हजार वेळा ऐकले जाण्याचा उंबरठा ओलांडायला त्याला रस्त्यावर यावेच लागते, कारण दुसरे एकही दार आपण त्याच्यासाठी उघडे ठेवलेले नाही.

3. पैसा नसलेल्याचे भांडवल कल्पकता हेच असते. अमेरिकेतल्या वल्फपेक या स्वतंत्र बँडने 2014 मध्ये दहा नि:शब्द तुकड्यांचा एक अल्बम स्पॉटिफायवर टाकला. प्रत्येक तुकडा साधारण अर्ध्या मिनिटाचा, कारण तीस सेकंद वाजले की गाणे ऐकले गेले असे तिथे धरतात. रात्री झोपताना हा अल्बम लावून ठेवा, जमलेल्या पैशांतून आम्ही फुकट कार्यक्रम करू, असे त्यांनी चाहत्यांना उघडपणे सांगितले. कंपनीने अल्बम काढून टाकेपर्यंत सुमारे 20,000 डॉलर जमले होते आणि मोबदल्याचे सारे गणित जगापुढे आले होते. त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर चित्रित करून इंटरनेटवर टाकले. पुढे 2019 च्या ‘गली बॉय’ला ज्या दोन रॅपर्सच्या आयुष्यातून प्रेरणा मिळाली, त्यांत तो होता. चित्रपटसृष्टीला वस्तीतला आवाज सापडला तो त्या पोराने आधी स्वतःच्या हिमतीवर ऐकवला म्हणून. उद्याचे संगीत आज अशाच उचापतींतून जन्माला येत असते, ते दाबण्यात समाजाचेच नुकसान आहे.

4. सार्वजनिक जागेचा खरा गैरवापर कोण करते? कोणत्याही शहराच्या मुख्य चौकात उभे राहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स सिग्नल झाकतात, झाडांना खिळे ठोकलेले असतात, दुभाजकावर कमानी उभ्या असतात. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्राने 1995 मध्ये कायदा केला. बेकायदा फलकांवर कारवाई करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये बजावले. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे घराच्या काचा थरथरतात तेव्हा ती मर्यादा कुठे जाते? त्या भिंतीपुढे हात जोडून उभी राहणारी यंत्रणा गिटार घेऊन बसलेल्या मुलाला मात्र दहा मिनिटांत उठवते. नियम दुबळ्यालाच लागू होत असेल, तर त्याला शिस्त म्हणता येत नाही, ती दादागिरीच आहे.

5. कायदा आजही गाणाऱ्याकडे भिकारी म्हणून पाहतो. हा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम 1959 चा. भीक मागणे म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या वाचा. सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करणे किंवा वस्तू विकायला पुढे करणे, अशा कोणत्याही निमित्ताने भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे या व्याख्येत बसवता येते. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार आहे आणि दोषी ठरलेल्याला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. गिटारच्या उघड्या पेटीत पडलेली दहाची नोट आणि वासुदेवाच्या झोळीतले दाणे, दोन्ही या व्याख्येच्या कचाट्यात येतात. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य ठरवली. मग ज्या राज्यात हा कायदा झाला, तिथे तो बदलण्याची घाई कुणालाच का नाही? मोबदला मागणाऱ्या कलावंताला गुन्हेगार ठरवणारी व्याख्या रद्द झालीच पाहिजे, आणि गरिबीला गुन्हा मानणारी दृष्टीही तिच्याबरोबर गेली पाहिजे.

6. कलावंतांनीही मर्यादा पाळल्या पाहिजेत. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. खळ लावून विजेच्या डीपीवर डकवलेले पोस्टर पहिल्या पावसात लोंबू लागते आणि ते खरवडायला पत्रा घेऊन येतो तो पालिकेचा सफाई कामगार. बसथांब्यावरच्या वेळापत्रकावर स्टिकर चिकटवून कोणते संगीत मोठे होते? रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात गाणे नको. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको. फलाटावर जिन्याच्या तोंडाशी गर्दी जमवणे तर जिवावर बेतू शकते. गावातल्या चहावाल्याला विचारून त्याच्या भिंतीवर लावलेला कागद, वाचनालयाच्या फलकावरची चिठ्ठी, मित्राच्या रिक्षामागे त्याच्या संमतीने लावलेला क्यूआर कोड, यांतही गनिमी कावा आहेच. ज्याच्या जागेवर आपण उभे आहोत त्याचा मान राखणाऱ्याचेच गाणे लोक मनापासून ऐकतात.

7. खोट्या आकड्यांचा धंदा बंद झाला पाहिजे. हजार फॉलोअर इतक्या रुपयांत, लाख व्ह्यूज तितक्या रुपयांत, अशी दरपत्रके नव्या कलावंतांच्या इनबॉक्समध्ये रोज येऊन पडतात. मोहात पडलेल्याचे गाणे यंत्रे ऐकतात, माणसे ऐकत नाहीत. पुढे कार्यक्रम ठरतो आणि सभागृहात पंधरा जण जमतात. बनावट स्ट्रीमिंग पकडले गेले तर गाणे काढले जाते. 2024 पासून स्पॉटिफाय अशा गाण्यांमागे वितरकांकडून दंड आकारते आणि तो अखेर कलावंताच्या गळ्यात पडू शकतो. दुष्परिणाम इथेच थांबत नाहीत. मोबदल्याची रक्कम एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत वाटली जाते, म्हणजे खोट्या आकड्याचा प्रत्येक पैसा प्रामाणिक कलावंताच्या वाट्यातून जातो. विकत घेतलेली टाळी ही दुसऱ्या गरीब कलावंताच्या खिशातली चोरी आहे.

8. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ ही फसवणूक आपणच करतो. सोसायटीचा गणेशोत्सव असो, कॉलेजचे स्नेहसंमेलन असो किंवा कंपनीचा वर्धापनदिन. मांडववाल्याला पैसे मिळतात, केटरर आगाऊ रक्कम घेतो, साऊंडवाला पूर्ण बिल झाल्याशिवाय वायर गुंडाळत नाही. गाणाऱ्याला मात्र सांगितले जाते, “बजेट नाही हो, पण व्यासपीठ मिळतंय ना?” त्या व्यासपीठावर येण्यासाठी त्याने तबलजीला काय दिले, तालमीच्या खोलीचे भाडे कुठून भरले, हे आपण विचारतो का? कलावंतांनीही आपले हक्क समजून घेतले पाहिजेत. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारखी संस्था ती गोळा करते. गाणे गाजण्याआधी सदस्यत्व घ्या, सहीआधी करार वाचा, कोणाचा किती वाटा ते कागदावर आणा. पण पहिली जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे: ज्याला मानधन देण्याची तयारी नाही, त्याला कलेचे कौतुक करण्याचा अधिकार नाही.

9. उपाय अवघड नाहीत, इच्छाशक्ती हवी. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत 1985 पासून निवडलेल्या वादकांना जागा ठरवून देण्याचा कार्यक्रम चालतो. लंडनच्या भुयारी रेल्वेने 2003 पासून परवाने देऊन स्थानकांत खुणा केलेल्या जागा उपलब्ध केल्या. मुंबईतही 2012 च्या सुमारास नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या उपक्रमाने परवानगी घेऊन रेल्वे स्थानकांत संगीत आणले होते. घाईच्या वेळी धावणारी माणसे तिथे थांबून ऐकत होती. मग आपल्या महापालिकांना काय अडचण आहे? प्रत्येक प्रभागात एक उद्यान, एक चौक, एक मेट्रो स्थानकाबाहेरची मोकळी जागा ठरवा. वेळा आखा, आवाजाची मर्यादा फलकावर लिहा, नोंदणी मोबाइलवर आणि नाममात्र शुल्कात होऊ द्या. जागा सोडतीने द्या, म्हणजे नगरसेवकाच्या चिठ्ठीची गरज उरणार नाही. गाण्यात काय म्हटले आहे हे तपासण्याचा अधिकार मात्र कोणालाही देऊ नका. सुरक्षेचे आणि शांततेचे नियम करणे हे पालिकेचे काम आहे, शब्दांवर पहारा बसवणे हे नव्हे.

10. नागरिक म्हणून आपला वाटा उचलू या. सारे सरकारवर ढकलून चालणार नाही. रस्त्यात कुणी चांगले गात असेल तर दोन मिनिटे थांबा आणि आवडले तर क्यूआर कोडवर पैसे द्या. गाणे व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना गाणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे नाव खोडू नका. घरात जागा असेल तर महिन्यातून एकदा सतरंजी अंथरा, शेजाऱ्यांना बोलवा, वर्गणी काढून नव्या कलावंताची बैठक करा. घरगुती बैठकी मराठी माणसाला नवीन नाहीत. येत्या प्रभाग सभेत उभे राहून विचारा की आमच्या भागात गाण्यासाठी जागा कोणती. मराठी संगीत टिकावे असे भाषणात म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी शंभर रुपये आणि एक संध्याकाळ देणारे किती, यावर ते टिकणार की नाही हे ठरेल.

गनिमी कावा हे बळ कमी असलेल्याचे हत्यार आहे. आपल्याच तरुणांना आपल्याच शहरात ते उचलावे लागत असेल, तर चूक त्यांची आहे की आपली? फ्लेक्सला मोकळीक, डीजेला मोकळीक आणि गळ्यातून निघणाऱ्या सुराला मात्र मज्जाव, हे चित्र बदलायला मोठा निधी लागत नाही. 1959 ची ती व्याख्या रद्द करण्याची मागणी आपल्या आमदाराकडे लेखी करा आणि चौकातली जागा नगरसेवकाकडे मागा. उत्तर येईपर्यंत दोघांचाही पिच्छा सोडू नका.