वितळणारी तार

वीज घरात असते तोवर आपण तिचा विचार करीत नाही; ती गेली की मात्र करतो. बडोद्यातील आमच्या जुन्या वाड्यात असा विचार वारंवार करावा लागे. देवडीतील लाकडी फळ्यावरचा फ्यूज उडाला की वडील मेणबत्तीच्या उजेडात स्टुलावर चढून तार बदलीत. एकदा कंटाळून त्यांनी त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली. पुढे महिनाभर सारे शांत होते. मग एका पावसाळी संध्याकाळी माजघराच्या भिंतीतून जळक्या रबराचा वास येऊ लागला. मुख्य खटका पाडून लाकडी पट्टी उघडली, तो आतील तारेचे वेष्टण कोळशासारखे झालेले. त्याच भिंतीला टेकून आई रोज धान्य निवडीत बसे. दुसऱ्या दिवशी आलेला वृद्ध वायरमन एवढेच म्हणाला, "नानासाहेब, फ्यूज जावा म्हणूनच लावतात."

या वाक्यामागे दोन शास्त्रज्ञांची पुण्याई आहे. जर्मनीत शिक्षकी पेशा केलेल्या गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली आपल्या ग्रंथात मांडले, की तारेतून किती प्रवाह वाहील हे विजेचा दाब आणि तारेचा रोध यांवर ठरते. दाब वाढला तर प्रवाह वाढतो, रोध वाढला तर घटतो. इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये पुढची पायरी गाठली : प्रवाह दुप्पट झाला, की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते.

आता आपल्या घरचेच गणित मांडू. २३० व्होल्टच्या दाबावर १००० वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेते. तिच्या जोडीला २००० वॅटचा पाणी तापविण्याचा हीटर लावला, तर एकूण प्रवाह तेरा अँपिअर होतो. दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेला तो सोसत नाही. अशा वेळी ५ अँपिअरची वितळतार सर्वांत आधी तापून तुटते आणि भिंतीतील तार वाचते. ती जागा जाड तारेने भरली, की वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते. आमच्याकडे नेमके तेच झाले होते.

मात्र फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, हे गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावे. ५ अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून याच्या शंभराव्या हिश्शाइतका प्रवाह गेला तरी जिवावर बेतू शकते. म्हणूनच तीन पायांच्या प्लगमधील लांब व जाड पाय महत्त्वाचा. त्याला जोडलेली हिरवी तार उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडते. आतील तार सुटून त्या अंगाला टेकली, तर प्रवाह या वाटेने वेगाने जमिनीत जातो आणि फ्यूज तत्काळ उडतो. तो लांब पाय मोडून प्लग दोन भोकांत बसविणे हे जाड तारेइतकेच घातक होय.

आज फ्यूजची जागा बहुतेक नव्या घरांत एमसीबीने घेतली आहे. त्याच्या शेजारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अवश्य बसवून घ्यावी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. तेवढी तूट दिसताच क्षणार्धात खटका पाडते. तिच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ती कामास येते ना, हे पाहावे.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मुख्य खटका पाडावा आणि टेस्टरने खात्री करावी. तो टेस्टरही आधी चालू तारेवर पारखून घ्यावा, कारण त्यातील बिघडलेला दिवा विजेच्या तारेवरही विझलेलाच राहतो. हात कोरडे, पायात रबरी चपला आणि खाली लाकडी स्टूल असावे.

वडिलांनी ती जाड तार फेकली नाही. वितळतारेच्या गुंडीशेजारी ती खणात कायम ठेवली. फ्यूज बदलताना दोन्ही दिसाव्यात म्हणून.