पंखा कितीसा खातो?

उज्जैनच्या घराघरांत विजेच्या बिलावर बोलणं निघालं की दोष गिझरला नाहीतर एसीला लागतो. छताच्या पंख्याकडे कुणी बोट दाखवत नाही; 'पंखा कितीसा खातो?' म्हणून विषय मिटतो. हा समज मुळातच चुकीचा आहे, कारण आपण यंत्राचे वॅट पाहतो आणि ते चालतं किती तास, हे विसरतो. २,००० वॅटचा गिझर डोळ्यांत भरतो खरा, पण १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. साधा जुना पंखा ७५ वॅटचा. तो माळव्याच्या उन्हाळ्यात दिवसाचे १६ तास फिरला की १.२ युनिट जातात, महिन्याला ३६. बैठक, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली असे तीन पंखे असे चालले, तर १०८ युनिट. एवढी वीज खाणाऱ्या यंत्राला बिनदोष कसं सोडायचं?

ती जाते कुठे, हे हाताला कळतं. रात्रभर चाललेला पंखा सकाळी बंद करून मधल्या घुमटाला हात लावला तर तो गरम लागतो. भिंतीवरचा जुना चौकोनी रेग्युलेटर 'दोन'वर ठेवला की तोही तापतो. पैसे वाऱ्याचे मोजले आणि खोलीत आली ऊब! बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरच्या, पंख्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, त्यामुळे ही नासाडी पुष्कळ कमी होते आणि तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये मिळतो. तिथे १०८ युनिटांचे ४३ होतात. मध्य प्रदेशात या फरकाला आणखी एक वजन आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. मर्यादा ओलांडली की सवलत संपली. २०० युनिटं जाळणारं घर नुसते तीन पंखे बदलून १३५वर येतं.

यावर जाणकार आक्षेप घेतात तो अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सचा. १८६५मध्ये त्याने दाखवलं की इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण वापर वाढला. मग पंखे सुधारूनही तेच होणार नाही कशावरून? आक्षेप वजनदार आहे, आणि एसीच्या बाबतीत मी तो मान्यही करीन: स्वस्त पडतो म्हणून माणूस तो जास्त वेळ लावतो. पण खोलीत माणूस आहे तोवर पंखा आजच चालू असतो. वाढवायला तास उरलेतच कुठे?

छतावर सोलर बसवलं की काटकसरीची गरज नाही, हेही ऐकू येतं. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला छत कुणाचं? शिवाय पंखा सर्वांत जास्त लागतो तो रात्री, आणि त्या वेळी वीज खंडव्याच्या श्री सिंगाजीसारख्या औष्णिक केंद्रांत मुख्यतः कोळसा जाळून येते. 'महाकाल लोकात एवढा झगमगाट, मग आमच्याच घरी बचत का?' या तक्रारीत नागरिकाचा राग आहे आणि तो रास्तही आहे. पण देशातल्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा घरंच वापरतात.

खरा अडसर किमतीचा. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा हजार-दीड हजाराने महाग, आणि महिनाअखेरीला ओढाताण असलेल्या घराला 'पुढे वसूल होईल' हे सांगणं पुरत नाही. १ जानेवारी २०२३पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं. त्याने निवड सोपी झाली, खरेदी नव्हे. २०१५च्या 'उजाला' योजनेने एलईडी दिवे घराघरांत पोचवले, काही ठिकाणी तर पैसे बिलातून हप्त्याने घेऊन. पंख्यांसाठी पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीने हीच वाट धरावी. युनिटला ६ रुपये धरले तरी एका पंख्यामागे उन्हाळ्यात महिन्याला १३० रुपये वाचतात. १०० रुपयांचा हप्ता वळता केला, तरी त्या महिन्याचं बिल आधीपेक्षा कमीच येईल. आणि भाडेकरूने घर सोडलं तर पंखा उतरवून नेता येतो.