गाडीतला वाटाड्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन आला, खालांचा इंतकाल झाला. मुलांच्या अब्बांची ही सख्खी खाला. त्यांची अम्मी लवकर गेली, तेव्हा याच खालांनी त्यांना म्हसळ्याच्या पुढच्या एका गावात सात वर्षे पोटच्या मुलासारखे सांभाळले. जुहरनंतर जनाजा होणार होता. आम्ही पुण्यात. मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव आणि पुढे म्हसळा असा रस्ता. आठला निघालो तर वेळेत पोहोचू, असा हिशेब करून मुलांना शेजारच्या भाभींकडे सोडले, सफरची दुआ पढली आणि निघालो.

फोन आमच्या हातात होता. गाडी ते चालवत होते आणि रस्ता सांगायचे काम आमचे. मुळशी मागे पडले तशी रेंज गेली. फोन गाडीच्या स्टिरिओच्या यूएसबीला लावला होता, म्हणून चार्जिंगची चिंता केली नव्हती. पण कंपनीतून बसून आलेल्या त्या जुन्या स्टिरिओचे यूएसबी गाणी वाजवण्यापुरते. त्यातून येणारी वीज इतकी थोडी की नकाशा चालू असलेला फोन जितका भरतो त्याहून जास्त खातो. घाट उतरेपर्यंत फोन बंद पडला. मुलांच्या अब्बांचा फोन साधा, बटणांचा. गावी फोन लावला, पण मय्यतीच्या घरात कोण उचलणार?

माणगावात धो धो पाऊस आणि वाहनांची रांग. "रस्ता मला माहीत आहे," म्हणत त्यांनी गाडी घेतली ती मुंबई-गोवा महामार्गाने महाडच्या दिशेला. लोणेरे आले तेव्हा लक्षात आले की म्हसळ्याचे वळण माणगावातच सुटले. पुन्हा मागे फिरलो. गावात शिरलो तेव्हा माणसे कब्रस्तानातून परत येत होती.

मय्यत कुणासाठी थांबवत नाहीत आणि थांबवूही नये. इमामसाहेबांनी समजूत घातली, आपल्या शाफई मसलकात कबरीपाशी जनाजाची नमाज पढता येते. यांनी ती पढली. आम्ही मात्र खालांचा चेहरा शेवटचा पाहू शकलो नाही. परतताना घाटात कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. मग ते एवढेच म्हणाले, "जिथे मी सात वर्षे राहिलो, त्या गावचा रस्ता मला फोनला विचारावा लागला."

महिनाभराने आम्ही ठरवले की गाडीतला जुना स्टिरिओ काढून रस्ता दाखवणारे युनिट बसवायचे. हे करताना जे शिकलो, ते इथे सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ घरांत जुनी किंवा दुसऱ्या हाताने घेतलेली गाडी असते आणि दुकानदार सांगेल ते खरे मानून आपण पैसे मोजतो.

पहिली गोष्ट जागेची. डॅशबोर्डमध्ये स्टिरिओची जी चौकट असते तिचे ठरलेले माप असते. रुंदी साधारण १८० मिलिमीटर, उंची ५० असेल तर सिंगल डिन आणि १०० असेल तर डबल डिन. आमच्या गाडीचा स्टिरिओ या मापाचा दिसतच नव्हता, कारण कंपनीने त्याचा पुढचा भाग डॅशबोर्डच्या वळणाला जुळवून घडवला होता. अशा गाडीसाठी वेगळी फ्रेम मिळते. ती आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच सालाची हवी. नाहीतर युनिट बसते, पण कडेला फट राहते आणि खड्ड्यातून जाताना खडखडते.

दुसरी गोष्ट युनिटच्या जातीची. एका प्रकारात पडदा गाडीचा, पण नकाशा फोनचा. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले ही त्यातली नावे. फोन जोडला की त्यातला रस्ता मोठ्या पडद्यावर दिसतो आणि आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो. दुसऱ्या प्रकारात युनिट हाच एक छोटा संगणक. त्याचा स्वतःचा नकाशा, स्वतःचा जीपीएस अँटेना. फोन मेला तरी ते चालते. पहिला प्रकार वापरायला सोपा आणि नकाशा फोनबरोबर ताजा राहतो. पण आमच्या जखमेवर दुसराच उपाय होता, म्हणून तो घेतला.

आमच्या थोरल्याला दहा इंची पडदा हवा होता. "अम्मी, त्यावर व्हिडिओ छान दिसतात." आम्ही म्हटले, बाळा, आपण रस्ता पाहायला पैसे घालतोय, सिनेमा पाहायला नाही. सात इंची डबल डिन पुरेसा होता. गरजेला खर्च करणे वेगळे आणि इस्राफ वेगळा. बऱ्याच युनिटना हँडब्रेकला जोडायची एक वायर असते. गाडी उभी असेल तेव्हाच व्हिडिओ चालावा, हा तिचा हेतू. काही जण ती वायर बॉडीला टेकवून टाकतात, म्हणजे गाडी पळत असतानाही चित्र चालू. "ते करू नका," असे आम्ही आधीच सांगितले. थोरला दोन दिवस रुसला, मग विसरला.

फिटिंग नाना पेठेतल्या एका दुकानात केले. तिथल्या मुलाने कटर हातात घेतला तेव्हा आम्ही पुढे झालो. "भाई, वायर कापणार?" म्हणाला, "सगळे असेच करतात, मॅडम." तसे मुळीच करावे लागत नाही. गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारा कपलर बाजारात मिळतो. एक टोक गाडीच्या सॉकेटला, दुसरे नव्या युनिटला. वायर न कापता काम होते आणि उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला तर तोही बसतो. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी तर कापाकापी होऊच देऊ नये. स्टिअरिंगवर आवाजाची बटणे असतील तर ती नव्या युनिटवर चालतील का, हेही पैसे देण्याआधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो तर गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांनी पाहिले आणि हसले. युनिटला विजेच्या दोन वायरी लागतात. पिवळी थेट बॅटरीवर असते, ती घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती वीज घेते. लाल चावीवर असते, चावी फिरवली की युनिट चालू, काढली की बंद. दुकानातल्या मुलाने दोन्ही एकत्र करून बॅटरीवर दिल्या होत्या, म्हणून युनिट रात्रभर जागेच राहिले. चाचांनी दहा मिनिटांत लाल वायर तिच्या जागी दिली. आमच्याकडून शिका. फिटिंग झाल्यावर दुकानातच चावी काढून दोन मिनिटे थांबा आणि पडदा खरोखर विझतो का ते पाहा.

अँटेनाचेही तसेच. काडेपेटीएवढी ती डबी त्याने युनिटच्या मागे, पत्र्याच्या आड कोंबली होती. गाडी एका रस्त्यावर आणि पडद्यावरचा बाण दुसऱ्याच गल्लीत. ती डबी डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली ठेवली आणि बाण शहाणा झाला. तिला वरचे आकाश मोकळे लागते.

इथे धाकटीने विचारले, "अम्मी, नेट नसताना याला कसे कळते आपण कुठे आहोत?" प्रश्न मोठ्यांनाही पडतो. जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात आणि सतत आपली वेळ व जागा सांगत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर कळते आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळवली की आपली जागा कळते. इंटरनेट लागते ते नकाशा आणण्यासाठी. म्हणजे ताम्हिणीत आमचा फोन चार्ज असता, तरी नवा रस्ता त्याने शोधला नसता, कारण नकाशा त्याच्या पोटात नव्हता.

आता निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळ्या भागाचा नकाशा युनिटमध्ये उतरवून ठेवतो. हे फुकट होते. उतरवलेला नकाशा ठराविक मुदतीने नवा करावा लागतो आणि नेट नसेल तर पुढची वाहतूककोंडी कळत नाही, एवढे ध्यानात ठेवायचे. रस्ता सांगणारा आवाज मराठीत ठेवला आहे.

धाकटीला आम्ही आणखी एक सांगितले. पृथ्वीवर आपली नेमकी जागा शोधण्याची ओढ आपल्या बुजुर्गांनाही होती, कारण किबल्याची दिशा काढायची तर आधी आपण कुठे आहोत ते कळावे लागते. अल-बिरुनींनी गझना शहराची किबल्याची दिशा काढण्यासाठी गावांची अंतरे आणि अक्षांश-रेखांश मोजण्यावर एक ग्रंथच लिहिला. तो १०२५ साली पुरा झाला. त्यांच्याजवळ उपग्रह नव्हते. सूर्य, तारे आणि गणित होते. धाकटी म्हणाली, "म्हणजे त्यांना फार वेळ लागत असेल." लागत असेलच.

एक कायद्याची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना हातातले फोनसारखे साधन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरायला मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बोलण्यासाठी नाही. डॅशबोर्डवरच्या पडद्यालाही हाच विचार लावावा. मुक्काम टाकायचा तो गाडी सुरू करण्यापूर्वी. वाटेत बदल करायचा झाला तर गाडी कडेला घ्यावी, नाहीतर शेजारी बसलेल्याने करावा. आमच्या घरी ते काम अजूनही आमच्याकडेच आहे.

युनिट, फ्रेम, कपलर आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार रुपये झाले. शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण खरा हिशेब वेगळाच निघाला.

युनिट बसल्यावर एका रविवारी मुलांचे अब्बा नातेवाइकांच्या घरांच्या जागा त्यात जतन करायला बसले. चिपळूणची फुफी, महाडचे मामू, श्रीवर्धनची चुलत बहीण. नकाशावर गाव सापडे, पण मोहल्ल्यातले घर सापडेना. मशिदीच्या अलीकडे की पलीकडे? विहिरीच्या गल्लीत की मागच्या? मामूंच्या घरी शेवटचे कधी गेलो होतो, ते दोघांनाही आठवेना. आणि खालांकडे? चार वर्षांपूर्वी, भाचीच्या निकाहाला. त्यानंतर ईदला फोन, रमजानमध्ये फोन, बकरीदला फोन. फोनवर खाला दर वेळी विचारायच्या, "कधी येताय?" आम्ही दर वेळी म्हणायचो, "इन्शाअल्लाह, सुट्टीत."

तेव्हा उमगले की त्या दिवशी दोष एकट्या फोनचा नव्हता आणि स्टिरिओच्या यूएसबीचा तर नव्हताच. वर्षातून एकदा जरी त्या गावी गेलो असतो, तरी माणगावचे वळण आंधळ्या डोळ्यांनी घेतले असते. सिलारहमीवर आम्ही वर्गात मुलांना धडे देतो. आमचाच रस्ता चार वर्षांत पुसला गेला होता.

म्हणून घरात एक नियम केला. नातेवाइकाच्या घराची जागा युनिटमध्ये जतन करायची ती त्याच्या दाराशी गाडी उभी करूनच. घरी बसून अंदाजाने नाही. म्हणजे यादीत नाव वाढवायचे तर जाणे आलेच.

पहिली खेप खालांच्या लेकीकडे केली. ताम्हिणीत रेंज गेली, नकाशा चालू राहिला, माणगावात "डावीकडे, उजवीकडे" सगळे बरोबर सांगितले. मोहल्ल्याच्या तोंडाशी मात्र ते यंत्र म्हणाले, आपण मुक्कामी पोहोचलात. आणि घर अजून तीन गल्ल्या पुढे होते. पडवीत बसलेल्या एका बुजुर्गांना सलाम करून विचारले. त्यांनी मुलांच्या अब्बांकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "अरे, तू खालाचा पोरगा ना? चल, मी दाखवतो." ते गाडीपुढे चालत राहिले आणि आम्ही त्यांच्या मागून.

दारात गाडी थांबल्यावर यांनी पडद्यावर ती जागा जतन केली. नाव लिहिले, 'खालांचे घर'. सध्या यादीत चार घरे आहेत. मामू राहिलेत. दिवाळीच्या सुट्टीत महाडला जायचे ठरले आहे. या वेळी तारीख सांगून फोन केला आहे.